यादीतलं नाव

टेनिसची जागतिक क्रमवारी जवळजवळ दर सोमवारी नव्याने लागते. हिशेब गेल्या 52 आठवड्यांचा असतो, त्याआधीचं सगळं पुसलेलं. मागच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून 2000 गुण मिळवले असतील, तर या जानेवारीत पुन्हा जिंका, नाहीतर ते गुण गेले. इतर नोकऱ्यांमध्ये गेल्या वर्षीचं काम निदान सेवापुस्तकात तरी नोंदलेलं राहतं. टेनिसपटूला मात्र आहे तिथं टिकायचं म्हटलं, तरी मागच्या वर्षीइतकं पुन्हा जिंकावं लागतं.

29 जानेवारी 2024च्या सोमवारी या यादीत पुरुष दुहेरीत सर्वांत वर रोहन बोपण्णा हे नाव होतं. वय वर्षं 43, आणि चव्वेचाळिसावा वाढदिवस जेमतेम पाच आठवड्यांवर. दोनच दिवस आधी त्याने आणि ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनने मेलबर्नमध्ये बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीला 7-6, 7-5 असं हरवलं होतं. पुरुष दुहेरीतलं हे त्याचं पहिलंच ग्रँड स्लॅम. इतक्या वयात अव्वल क्रमांकावर आजवर कुणीच नव्हतं. आधीचा विक्रम माईक ब्रायनचा, एकेचाळिसाव्या वर्षीचा.

चषक हातात घेऊन बोपण्णा बोलला तेव्हा त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने बायकोला एक व्हिडिओ पाठवला होता, आता थांबतो म्हणून. पाच महिने त्याने एकही सामना जिंकलेला नव्हता. हे 2021चं वर्ष. हॉटेल, विमानतळ, पहिली फेरी, हार, पुन्हा विमानतळ. त्यात साथीचे निर्बंध, आणि घरी लहान मुलगी.

यापुढची गोष्ट आपल्याकडे कशी सांगितली जाते ते आपल्याला माहीत आहे. हार मानू नका, वय म्हणजे नुसता आकडा, वगैरे. सकाळी सहाला फोनवर येणाऱ्या सुविचारांना असा माणूस फार सोयीचा. मला ते पटत नाही. वय नुसता आकडा असतं, तर बोपण्णाच्या गुडघ्यांनाही ते कळलं असतं. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली होती आणि दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता. निव्वळ चिकाटीने हे गुडघे चालले नसते. साथीच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला. या पद्धतीचं घर पुण्याचं: मॉडेल कॉलनीत 1975 साली उभी राहिलेली बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांचा आधार घेत, शरीर जिथवर जाईल तिथवरच पण अचूक जायचं, अशी ही शिस्त. गोळ्या बंद झाल्याचं श्रेय बोपण्णाने तिलाच दिलं आहे. म्हणजे वयाला न जुमानल्याने हे घडलं नाही. गुडघ्यांची अवस्था मान्य केली, म्हणून घडलं.

असं मान्य करणं त्याच्या कारकिर्दीत आधीही आलं होतं. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांतला हा मुलगा. सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडं फोडायचा आणि मळ्यांतून पळायचा. किशोरवयात पुण्याला नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आला. स्वप्न अर्थातच एकेरीचं. पण एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल 213वी, तीही 2007 साली. दोनशेच्या पलीकडच्या खेळाडूला ग्रँड स्लॅममध्ये थेट प्रवेश नसतो. आधी पात्रता फेरीत झगडावं लागतं, आणि वर्षभर लहान गावांतल्या लहान स्पर्धा खेळाव्या लागतात, जिथं जिंकूनही खर्च भागेलच असं नाही. तरी 2010च्या सप्टेंबरमध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत भारत 0-2 असा मागे पडून बरोबरीत आल्यावर पाचवा, निर्णायक एकेरी सामना बोपण्णानेच रिकार्डो मेलोला हरवून जिंकून दिला होता. त्याच महिन्यात अमेरिकन ओपनमध्ये तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर दुहेरीच्या अंतिम फेरीत पोहोचला. ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये घेतले. आपली मोठी सर्व्हिस अर्ध्या कोर्टावर जास्त किमतीची आहे हे त्याने ओळखलं आणि एकेरी मागे ठेवली. आपल्याकडे याला ‘दुहेरीवर समाधान मानलं’ असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी बहुधा एकही सर्व्हिस परतवलेली नसते.

दुहेरीत आणखी एक अडचण असते. तुमचं नशीब अर्धं दुसऱ्याच्या हातात. भूपती, कुएव्हास, मेर्जा, शापोव्हालोव्ह, मिडेलकूप, किती जोडीदार झाले! मोसम संपला की कोण कुणाबरोबर खेळणार याची फोनाफोनी सुरू होते, आणि चाळिशीतल्या, हरत चाललेल्या माणसाचा फोन कुणी किती उत्साहाने उचलेल? शिवाय दुहेरीचे नियमही निर्दय आहेत. ग्रँड स्लॅम सोडले तर एरवीच्या स्पर्धांत ड्यूसनंतर गेम लांबत नाही, पुढच्या एकाच गुणावर निकाल. तिसरा सेटही नसतो. दहा गुणांचा टायब्रेक, की सामना संपला. पाच महिन्यांच्या पराभवात असे किती गुण असतील, जे एखाद्या वितीने इकडचे तिकडे झाले असते? खेळ पूर्वीइतकाच चांगला असूनही माणूस हरत राहू शकतो, हे बाहेरून दिसत नाही. आतूनही कळायला वेळ लागतो.

2022च्या सुरुवातीला चाक फिरलं. रामकुमार रामनाथनबरोबर तो ॲडलेडला जिंकला, मग फेब्रुवारीत पुण्यात, बालेवाडीच्या कोर्टावर, महाराष्ट्र ओपन. त्याच वर्षी मिडेलकूपबरोबर फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. 2023मध्ये एब्डन भेटला: इंडियन वेल्सचं विजेतेपद, विम्बल्डनची उपांत्य आणि अमेरिकन ओपनची अंतिम फेरी. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर त्याने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 गमावल्यावर. आणि मग मेलबर्न.

त्याच जानेवारीत, त्याच मेलबर्नमध्ये सुमित नागल होता. चार महिन्यांपूर्वी त्याने पत्रकारांना सांगितलं होतं की भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असूनही बँकेत जेमतेम नऊशे युरो उरले आहेत. मिळालेलं सगळं प्रशिक्षक आणि प्रवास यांत जात होतं. मेलबर्नला तो पात्रता फेरीतून वर आला आणि पहिल्याच फेरीत त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीयाने मानांकिताला हरवण्याची गोष्ट त्याआधीची 1989ची, रमेश कृष्णन यांनी विलँडरला नमवलं तेव्हाची. एका विजयाने कोटीच्या घरातली रक्कम, पुढच्या महिन्यात चेन्नईत चॅलेंजर विजेतेपद, पहिल्या शंभरात प्रवेश, जुलैत 68वा क्रमांक. आणि पुढच्या वर्षी पुन्हा शंभराबाहेर. गुणांचं वर्ष भरलं, एवढंच त्यामागचं एक मोठं कारण. बोपण्णाची गोष्ट आपण आवडीने सांगतो. नागलची सांगताना मात्र, पुढे काय होतं बघू, असं म्हणून थांबतो.

बोपण्णाच्या गोष्टीलाही शेवट गोड वगैरे लाभला नाही. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो आणि श्रीराम बालाजी पहिल्याच फेरीत मोनफिस आणि रॉजर-वॅसलिन यांच्याकडून हरले. हा रॉजर-वॅसलिन 2013मध्ये त्याचाच जोडीदार होता. आणि ज्या एब्डनबरोबर बोपण्णा अव्वल झाला, त्याने त्याच ऑलिंपिकमध्ये जॉन पीअर्सला घेऊन सुवर्णपदक मिळवलं. पदकाने बोपण्णाला आधीही हुलकावणी दिली होती. 2016च्या रिओमध्ये सानिया मिर्झाबरोबर तो मिश्र दुहेरीत चौथा आला होता. जानेवारी 2025मध्ये मेलबर्नला नव्या जोडीदारासह पहिल्या फेरीत हार झाली आणि वर्षापूर्वीचे ते 2000 गुण यादीतून निघून गेले. नोव्हेंबर 2025च्या पहिल्या तारखेला त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याआधीची शेवटची स्पर्धा पॅरिसची. तिथं जोडीला होता बुब्लिक, नागलने हरवलेला तोच.

मला राहून राहून वाटतं की तो व्हिडिओ पाठवल्यावर बोपण्णा 2021मध्ये खरंच थांबला असता तर? तेव्हा त्याच्या नावावर 2013मधला जगातला तिसरा क्रमांक होता, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी होती. 2017चं फ्रेंच ओपन मिश्र दुहेरीचं विजेतेपद होतं, गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर दोन मॅच पॉइंट वाचवून मिळवलेलं. एवढं केलेला माणूस थकून थांबला, तर तो काही हरला नव्हता. पण आपण त्याच्यावर एक ओळही लिहिली नसती. आपण शेवट पाहून मागची पानं वाचतो. शेवटी चषक दिसला, की आधीचे पाच महिने आपल्याला तपश्चर्या वाटू लागतात. चषक नसता तर त्याच पाच महिन्यांना आपण ‘वेळेत थांबायला हवं होतं’ असं म्हटलं असतं. हा दोष टेनिसच्या यादीत नाही. ती निदान सगळ्यांना एकाच मापाने मोजते.

पुन्हा कधी बालेवाडीत आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तर अंतिम सामन्यासाठी थांबू नका. पहिल्या दिवशी जा, पात्रता फेरीच्या वेळी, बाजूच्या छोट्या कोर्टांवर. दोनशे-तीनशेव्या क्रमांकाची मुलं तिथं खेळत असतात, आणि गॅलरीत त्यांच्या प्रशिक्षकाशिवाय सहसा कुणीच नसतं.