मागचं काय करायचं?

ट्रकला चासी असते, शेतातल्या साध्या ट्रॅक्टरला नसते. ट्रकचं इंजिन उतरवून बाजूला ठेवलं तरी ट्रक आपल्या चाकांवर उभा राहतो. ट्रॅक्टरचं इंजिन काढलं की त्याचे दोन तुकडे होतात. पुढची चाकं एकीकडे, मागचं धूड दुसरीकडे, आणि दोन्हींखाली लाकडाचे ओंडके देऊन ती सावरून धरावी लागतात. इंजिनचा ब्लॉक, क्लचचं हाउसिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने आवळले की त्यांचाच कणा होतो. हेन्री फोर्डचा फोर्डसन १९१७ पासून कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडू लागला तो याच बिनचासीच्या रचनेवर, आणि आपल्याकडचे बहुतेक जुने ट्रॅक्टर त्याच वळणाचे. त्यामुळे कुणी ‘जुन्या ट्रॅक्टरला मोठं इंजिन बसवतोय’ असं सहज म्हणाला की मला वाटतं, हा कण्यातला एक मणका बदलायला निघालाय.

आमचा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, वारणाकाठी ऊस करतो. त्याच्याकडे काकांनी ऐंशीच्या दशकात घेतलेला तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. इंजिनचं फुल काम करून झालं होतं, बोअर आणखी वाढवायला जागा उरली नव्हती. त्यातच एका अपघातग्रस्त ट्रॅक्टरचं ५० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन भंगारवाल्याकडे आलं. दादाने ते उचललं. नव्या ट्रॅक्टरच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळच होती.

हौस म्हणून याकडे बघणारे बरेच असतात, पण मला ती हौस वाटत नाही. काकांच्या वेळी ट्रॅक्टरमागे फाळाचा नांगर, कुळव आणि एक ट्रॉली एवढंच असायचं. त्या कामाला ३५ हॉर्सपॉवर उदंड होते. आता मागे सहा फुटी रोटावेटर लागतो, पल्टी नांगर लागतो, आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर होता तिथेच राहिला आणि त्याच्या मागची अवजारं वाढत गेली. मोठ्या इंजिनची मागणी आली ती मागून.

दादा इंजिन घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेला, मीही बरोबर होतो. तेलावरची इंजिनं घडवून नाव कमावलेली ही वसाहत. लोखंडाच्या चकतीला अमुक मापाचं भोक हवं म्हटलं की लेथवाला काम कशाचं, असं विचारतसुद्धा नाही. आमच्या मिस्त्रींनी मात्र विचारलं. इंजिनभोवती एक फेरी मारली, फ्लायव्हीलवरून बोट फिरवलं, बेल हाउसिंगचे बोल्ट मोजले आणि म्हणाले, “इंजान बसतंय ओ मालक. त्यात काय न्हाई. पर मागचं काय करायचं?”

दादाने त्यावर काही उत्तर दिलं नाही. मिस्त्रींनीही आग्रह धरला नाही आणि कामाला लागले.

ते काम बघण्यासारखं होतं. दोन इंजिनांचे बोल्ट जुळत नव्हते, म्हणून मध्ये एक जाड पोलादी प्लेट आली. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधोमध एका छोट्या बेअरिंगमध्ये शिरतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा मध्य तिथे जुळावा लागतो. डोळ्यांना सगळं सरळच दिसत होतं. मिस्त्रींनी फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज चिकटवला, त्याची सुई हाउसिंगच्या कडेला टेकवली आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं. सुई एका बाजूला हलली. मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा नसेल. त्यांनी मान हलवली, प्लेट उतरवली आणि पुन्हा लेथवर चढवली. एवढासा फरक राहिला तर क्लच प्लेटचा मधला गाळा झिजतो आणि पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

जीपचं डिझेल इंजिन याहून स्वस्तात मिळत होतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारलं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या आत आपली ताकद देतं, आणि मागचे गिअर व पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या, ५४० फेऱ्या त्याच हिशेबाने बांधलेल्या असतात. जीपचं इंजिन जोरात फिरलं तर ताकद देतं. ते बसवलं तर कागदावरचे हॉर्सपॉवर मिळवायला रोटावेटर भिंगरीसारखा फिरवावा लागेल.

आता नांगराचा हिशेब. दादाच्या ट्रॅक्टरचं वजन १,८०० किलो धरा, नांगरताना त्यातलं १,२०० किलो मागच्या चाकांवर. कोरड्या, घट्ट रानात टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देतो, म्हणजे ६०० किलो. त्यापुढे चाक जागीच फिरतं. ६०० किलोची ओढ ताशी ५ किलोमीटरने न्यायला ११ हॉर्सपॉवर पुरतात. घसरण, गिअरमधली घट आणि चाकं मातीतून रेटायचा खर्च धरला तरी आकडा विसाच्या आसपासच राहतो. मग ३५ चे ५० करून नांगराला काय मिळालं? तीच ओढ, जरा जास्त वेगाने. ओढ वाढवायची असेल तर टायरमध्ये पाणी भरायचं, चाकांना लोखंडी वजनं लावायची, आणि त्याला इंजिनवाल्याची गरजच नाही. रोटावेटरचं तसं नाही. त्याला ताकद पीटीओमधून जाते, टायरच्या पकडीशी तिचा संबंध नाही, म्हणून तिथे मोठं इंजिन पुरेपूर उपयोगी पडतं. रस्त्याच्या चढालाही तेच. आधीच्यापेक्षा एक गिअर वर ठेवून ट्रॉल्या निघतात.

मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तरही हिशेबातच आहे. २,००० फेऱ्यांवर ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन सुमारे १२५ न्यूटन-मीटरचा पीळ देतं, ५० चं सुमारे १७८. गिअरबॉक्स मात्र पहिल्या आकड्यासाठी घडवलेला. बॉल बेअरिंगचा नियम असा की भार दीडपटीच्या जवळ गेला तर आयुष्य दीडपटीने घटत नाही, तिसऱ्या घाताने घटतं. इथे पूर्ण ताकद सतत वापरली तर ते जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतं. क्लच घसरायला लागतो तेव्हा निदान कळतं. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचा दात झिजताना ऐकू यायला फार उशीर लागतो.

आणि क्लच मोठा घातला तर? तर जो धक्का घसरून वाया जात होता, तो सरळ गिअरवर जाईल. गिअर बदलला तर हाफ शाफ्टवर. दुबळी जागा एक-एक पाऊल मागे सरकत राहते, नाहीशी होत नाही. हेच मला या सगळ्या उद्योगात सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं. जास्तीची ताकद आणली म्हणजे बळ वाढलं असं नाही, यंत्रात कुठे कमी आहे ते शोधायला एक धडधाकट माणूस नेमला, एवढंच.

हा शोध काही आपलाच नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलला फंक बंधू छोटी विमानं बनवत. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचा बाजार बसला, तेव्हा त्यांनी फोर्डच्या ८एन ट्रॅक्टरमध्ये सहा सिलिंडरचं किंवा व्ही-८ इंजिन बसवायचे संच काढले. पंचविसाच्या घरातल्या ट्रॅक्टरला शंभराच्या घरातलं इंजिन! आज जुन्या ट्रॅक्टरचे शौकीन अशा ट्रॅक्टरांसाठी जीव टाकतात. गंमत पुढे आहे. त्याच कारखान्याचं नाव पुढे झालं ते गिअर आणि ट्रान्समिशनसाठी, आणि १९८९ मध्ये जॉन डीअरने तो घेतला. मागचं काय करायचं, हे त्यांना बहुधा गिऱ्हाइकांनीच विचारलं असावं.

दादाचा ट्रॅक्टर चालतो, चांगला चालतो. रेडिएटर मोठा घातल्यामुळे बॉनेट लांबलं, आणि जाळीत पाचट अडकतं म्हणून तो रोज संध्याकाळी ती झाडतो. तो स्वतः बसला की थ्रॉटल पाऊण ओलांडत नाही, क्लच हळू सोडतो, ट्रॉली चिखलात रुतली तर खाली उतरून आधी बघतो. रुतलेल्या ट्रॉलीला झटका दिला तर मागची चाकं अडतात आणि पुढची वर येतात. मोठ्या इंजिनला हे जास्त सोपं जातं. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मेली आहेत. म्हणून दादा हंगामातसुद्धा परक्या ड्रायव्हरला चावी देत नाही. ५० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, त्यातले चाळीस वापरले जातात, बाकीचे दहा दादाच्या उजव्या हातात राखून ठेवलेले. मला हे शहाणपणाचं वाटतं. पण हे शहाणपण दादाच्या अंगातलं आहे. ट्रॅक्टर विकला तर ते बरोबर जायचं नाही.

कागदांचं वेगळंच. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. इंजिन बसवण्याआधी परवानगीचं बघा, हे मिस्त्री सोडून कुणीच बोललं नव्हतं.

सगळ्यात आधी बोलायला हवं होतं ते ब्रेकचं. ३५ हॉर्सपॉवरच्या वेगासाठी दिलेले ब्रेक, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. चढ लवकर संपतो, पण त्यापुढचा उतारही तेवढ्याच लवकर येतो. यंदा हंगामाआधी दादाने ब्रेकचं सगळं काम नव्याने करून घेतलं आणि दुसरी ट्रॉली जोडायचं बंद केलं, त्यामुळे खेपा वाढल्या आणि डिझेलही. इंजिन बसलं त्या दिवशी अर्धी गल्ली बघायला जमली होती, बॉनेट उघडून, आवाज ऐकून, डोकी हलवून गेली. ब्रेक बघायला कुणी आलं नाही.