दप्तरातली माणसं

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ साली आदिवासींसाठी एक कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी आणि मिश्र रक्ताच्या मुलाचं कायदेशीर पालकत्व त्याने सरकारच्या ‘मुख्य संरक्षका’कडे दिलं, आईबाप जिवंत असले तरी. १९१५ ते १९४० अशी पंचवीस वर्षं हे खातं ए. ओ. नेव्हिल या अधिकाऱ्याच्या हाती होतं. कुठलं मूल आईच्या कुशीतून काढून वसाहतीत न्यायचं हे त्याच्या कचेरीत ठरे आणि प्रत्येक निर्णयाची फाईल होई. निवृत्तीनंतर, १९४७ साली, आपल्या धोरणाचं समर्थन करणारं पुस्तक त्याने प्रसिद्ध केलं. त्यात एकाच घरातल्या तीन पिढ्यांचं छायाचित्र आहे. पिढीगणिक रंग कसा उजळत जातो आणि आदिवासीपण कसं पुसता येतं, हे दाखवण्यासाठी ते छापलं होतं. आज त्या प्रदेशातल्या नूंगार लोकांच्या आज्या-पणज्यांची नावं, वयं, नाती शोधायला निघालेला कादंबरीकार याच दप्तराच्या दाराशी येऊन पोचतो. ज्याने त्या माणसांना नाहीसं करायचं ठरवलं, त्यानेच त्यांची सर्वांत बारकाईने नोंद ठेवली. मला वाटतं, अशा दप्तरातून लेखक जे उचलतो ते त्याच्या हाती उसनं आलेलं असतं. ते ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत आधी पोचवणं हा संशोधनाचाच भाग आहे. पुस्तक निघाल्यावर ऋणनिर्देशात चार ओळी लिहून ते फिटत नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या शिस्तीचा. लोकांच्या आठवणीवर किती विसंबायचं? २००२ साली इतिहासलेखक कीथ विंडशटल यांनी टास्मानियातल्या आदिवासींच्या हत्यांबद्दल हाच मुद्दा लावून धरला: लेखी पुरावा नसेल तो आकडा मोजायचा नाही. वरवर हे रास्त वाटतं. पण न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीकचं प्रकरण पाहा. १० जून १८३८ रोजी तिथे किमान २८ विरायाराय आदिवासी माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. पहिल्या खटल्यात सगळे आरोपी सुटले. दुसऱ्यात सात जण दोषी ठरले आणि डिसेंबरात फासावर गेले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी यातून धडा घेतला तो गप्प राहण्याचा. हत्या पुढेही होत राहिल्या, फक्त त्यांच्याबद्दल बोलणं आणि लिहिणं थांबलं. म्हणजे कागद नसणं हा त्या गुन्ह्याचाच एक अवयव आहे. मारणाऱ्याने पुरावा ठेवला नाही म्हणून मेलेल्याला मोजायचं नाही, ही शिस्त मारणाऱ्याच्या सोयीची आहे. आठवण चुकते, हे खरंच. ती तपासून घ्यावी लागते. पण कागद खोटं बोलतो तेव्हा त्याला आपण इतकं कठोरपणे तपासत नाही.

दुसरा आक्षेप लेखकाच्या स्वातंत्र्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. इथे केट ग्रेनव्हिल यांची ‘द सीक्रेट रिव्हर’ (२००५) आठवते. हॉक्सबरी नदीकाठी जमीन बळकावून बसलेला एक माजी कैदी त्यांचा पूर्वज. त्याच्या शोधातून ही कादंबरी निघाली. आपल्या घराण्याच्या पापाचं दप्तर उघडायला त्यांना कुणाची परवानगी नको होती, आणि ती मागावी असंही कुणी म्हणू नये. त्या नदीकाठच्या दारुग आदिवासींच्या मनात शिरायचं मात्र त्यांनी टाळलं. हा संयम प्रामाणिक होता. तरी त्याची किंमत पडली: मारणाऱ्याची घालमेल वाचकाला आतून कळते आणि मरणारे दूरवरच्या शेकोटीच्या उजेडात दिसावेत तसे दिसत राहतात. २०१३ साली अँड्र्यू बोव्हेल यांनी या कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा दारुग माणसांच्या सहभागाने त्यांची भाषा रंगमंचावर आली आणि कथा सांगणारी बाईही आदिवासी झाली. कल्पनाशक्तीला तिथे कुणी लगाम घातला नाही. उलट, एकट्या लेखिकेला जे दार ओलांडता आलं नव्हतं ते उघडलं.

महाराष्ट्रातल्या लेखकाला हे परकं वाटायचं कारण नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची हजेरी त्याच साम्राज्याच्या लेखणीने घेतली. मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वरचं एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं १९०८चं पुस्तक आजही संदर्भ म्हणून हाताशी येतं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही आत्मकथनं आली नसती, तर त्या घरांच्या आतलं जग मराठी वाचकाला पोलिसाच्या डोळ्यांनीच दिसत राहिलं असतं.

नेव्हिलच्या दप्तराचं काय करायचं याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर किम स्कॉट या नूंगार कादंबरीकाराचं आहे. ‘बेनांग’मध्ये (१९९९) त्यांनी त्या कागदांची भाषाच कथेत आणून तिचं क्रौर्य उघडं पाडलं. पण ते तिथे थांबले नाहीत. घराण्यातल्या वडीलधाऱ्या हेझल ब्राउन यांच्याबरोबर त्यांनी २००५ साली ‘कायांग अँड मी’ लिहिलं. त्यात दोघांचे आवाज आलटून पालटून येतात आणि कागदात नसलेलं बाईंच्या तोंडून येतं. गेरहार्ट लेव्हस या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९३१च्या सुमारास ऑल्बनी भागात नूंगार कथा टिपून घेतल्या होत्या. त्याच्या वह्या अनेक दशकं पडून होत्या. सांगणाऱ्यांच्या वंशजांपर्यंत त्या कथा नेण्याचं काम स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांनी हाती घेतलं. त्या कथा आधी त्यांच्यात बसून वाचल्या, उच्चारल्या, दुरुस्त केल्या गेल्या, आणि मगच २०११ साली ‘मामांग’सारखी पुस्तकं बाहेर पडली. काय छापायचं हे समाजाने ठरवायचं, तर समाजात एकमत कुठे असतं, असं कुणी विचारेल. नसतंच. वंशजही आपापसांत भांडतात, काही जण नको म्हणतात. पण ते भांडण लेखकाच्या टेबलावर न मिटता त्यांच्या अंगणात होतं, हाच फरक मोलाचा आहे.

रेव्हन्सथॉर्पजवळच्या कोकनारप इथे १८८०च्या दशकात नूंगार लोकांचं हत्याकांड झालं आणि पुढच्या पिढ्या त्या गावाकडे फिरकेनाशा झाल्या. स्कॉट यांची ‘टॅबू’ (२०१७) अशाच जागेबद्दल आहे. खुद्द कत्तलीचं रक्तरंजित चित्र कादंबरीच्या मध्यभागी त्यांनी मांडलेलं नाही. तिथे येते ती एक बस. आत कुणी तुरुंगातून सुटलेलं, कुणी नशेतून सावरणारं, आणि एक तरुण मुलगी. ज्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही असं लहानपणापासून ऐकलं, तिथे ही माणसं उतरतात आणि तिथल्या वस्तूंना आपल्या भाषेतली नावं पुन्हा देऊ लागतात.