दिवा एकच

लासुर्ण्यात, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडं आत, एक बागायतदार कुटुंब राहतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या घरच्या थोरल्या सुनेच्या दोन्ही गालांवर वांग आले. खुरपणीला जाताना ती स्कार्फ बांधायची, पण घाम आला की तो गळ्यात यायचा. लग्नकार्यात बायका "तब्येत बरी नाही का गं?" विचारायच्या, ते तिला जास्त लागायचं.

दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. चार पगारांतून थोडे थोडे बाजूला टाकून तिनं मोबाइलवरून एलईडीचा मुखवटा मागवला. पांढरं प्लॅस्टिक, आत बारीक दिव्यांच्या रांगा, मागे रबरी पट्टा. बटण दाबावं तसा लाल, निळा, हिरवा, असे सात रंग. पहिल्या रात्री तो घालून ती खोलीबाहेर आली, तर धाकटा आजीच्या पदरात शिरला.

"भूत नाही रे, तुझी आईच आहे," सासूबाई म्हणाल्या. "किती वेळ घालायचं म्हणे हे?"

"दहा मिनिटं."

निळा रंग तिला थंड वाटला, म्हणून तोच धरला. आठवड्याभरात फरक दिसेना, तेव्हा दहाची वीस मिनिटं झाली, मग तास झाला. महिन्यानं आरशात पाहिलं, तर वांग आणखी गडद. डोळेही चुरचुरत होते.

इकडे नवऱ्यानं दसऱ्यापासून ड्रॅगन फ्रूटच्या प्लॉटवर दिवे टांगले होते. हे झाड मोठ्या दिवसांत फुलतं. हिवाळ्यात दिवस आखडतो, म्हणून रात्री काही तास उजेड द्यायचा. मग झाड फसतं आणि बिगरमोसमी कळी धरतं. सिमेंटच्या खांबांवर कळ्या दिसू लागल्या, तसा तो खूश होता.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी बांधशेजारचे चुलत सासरे सकाळीच दारात आले. "अरे, ऐन फुलांच्या भावात माझी शेवंती अडवलीस की! सगळं रान पिवळं झालंय, अन् तुझ्या बांधाकडच्या तीन ओळींत नुसता पाला."

नवरा जाऊन बघून आला आणि मान खाली घालून म्हणाला, "तात्या, चूक माझी. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. माझ्या दिव्यांनी तिची रात्र मोडली. तिकडच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा करतो, तीन ओळींचं नुकसानही भरून देतो."

सून उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी दिवे लागल्यावर ती बांधावर गेली. उजेड दोन्हीकडे सारखाच पडत होता. अलीकडे खांबाखांबावर कळ्या, पलीकडे हिरवागार पाला. तिचा हात आपसूक गालावर गेला.

दोन दिवसांनी ती मुखवटा पिशवीत घालून बारामतीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ताई, प्रकाश औषध आहे, यात खोटं काही नाही. आपल्याकडे कोडाला बावची लावून उन्हात बसवायचेच. कातडीच्या क्षयावर प्रकाशानं उपचार केले म्हणून डेन्मार्कच्या फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं. यातला लाल दिवा सुमारे ६३० नॅनोमीटरचा, तो सूज आणि बारीक सुरकुत्यांना थोडाफार उतार देतो. निळा ४१५च्या आसपासचा, तो मुरुमांचे जंतू मारतो. पण आपल्या सावळ्या कातडीत हाच निळा रंग काळेपणा वाढवतो. तुमचं दुखणंच काळेपणाचं, आणि तुम्ही रोज तासभर त्याला खतपाणी घातलंत."

"मग हा फेकून देऊ?"

"फेकू नका, तुमच्यासाठी वापरू नका. तुम्हाला उजेड लावायचा नाही, अडवायचा आहे." त्यांनी रंग मिसळलेलं सनस्क्रीन लिहून दिलं, रानात रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचा स्कार्फ वापरायला सांगितलं. रात्रीसाठी मलम दिलं आणि बजावलं, "महिने लागतील. घाई करायची नाही."

नणंदेची मुलगी कॉलेजात, तिचं कपाळ मुरुमांनी भरलेलं. पुढच्या खेपेला तिला सोबत नेलं. काही गोळ्यांमुळे कातडीला उजेड सोसत नाही, म्हणून बाईंनी आधी तिच्या चालू गोळ्या विचारल्या. मगच निळा दिवा सांगितला: दहा मिनिटं, आठवड्यातून मोजके दिवस, डोळे झाकून. दोन-तीन महिन्यांत पोरीचं कपाळ बरंच निवळलं. सुनेचे वांग पुरते गेले नाहीत, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी फिके पडले.

बांधावर आता पत्र्याचा आडोसा आहे. दिवा तोच, वीज तीच. एकाला तो फुलवतो, दुसऱ्याला अडवतो. म्हणून घरात कुठलाही दिवा आणण्याआधी एवढंच बघावं: आपलं रान ड्रॅगन फ्रूटचं आहे, की शेवंतीचं?