कबुलीजबाब आणि कथन

पोलिसी थरारपटाच्या रूपबंधाविषयी बोलताना आपण गती, ताण आणि पाठलाग यांच्यापाशीच थांबतो. तपास करणाऱ्याला, आणि पर्यायाने आपल्याला, जे कळते ते कोणत्या मार्गाने कळते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे'च्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात कटाचा बराच भाग उलगडतो तो आरोपी बादशाह खानच्या जबानीतून. म्हणजे पडद्यावर आपण जे 'घडताना' पाहतो, ते वस्तुतः कोठडीत सांगितले गेलेले असते.

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या पारावर कोणी ऐकीव हकीकत सांगू लागला, तर वाक्यागणिक 'म्हणे' घालतो. सांगोवांगी आणि डोळ्यांदेखत यांतला भेद मराठी बोलणारा एका शब्दाने राखतो. दृश्याला असा 'म्हणे' नाही. ते दिसले की झालेच.

भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य नव्हती. वेदनेच्या भयाने माणूस काहीही बोलेल, ही शंका त्यामागे होती. टाडाच्या कलम १५ ने अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुरती ती शंका बाजूला ठेवली. जबानीचे थेट दृश्य करणारा कॅमेराही तेच करतो, असे मला वाटते. इथे दिग्दर्शकावर अन्याय होऊ नये. कोठडीतली मारहाण आणि संशयितांच्या नातेवाइकांची फरफट तो लपवीत नाही. परंतु ती पाहून अस्वस्थ झालेला प्रेक्षक पुढच्याच क्षणी तिच्यातून निघालेली कथा निमूटपणे खरी मानतो. न मानावी, तर चित्रपटच हातातून निसटतो. हा पेच प्रेक्षकाचा आहे.

मारल्याशिवाय सत्य बाहेर येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी चित्रपटाचा आरंभ पुन्हा पाहावा. स्फोटांपूर्वीच पकडलेला गुल मोहम्मद मार खाताना होऊ घातलेल्या स्फोटांविषयी खरे तेच सांगतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. वेदनेने वदवलेले वाक्य खरे की खोटे, हे वेदना सांगू शकत नाही. ऐकणाऱ्याला आधीपासून जे वाटत असते, तेच तो त्यातून ऐकतो.

खटल्यातील आरोपींनी २००५ मध्ये चित्रपटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि मुंबई उच्च न्यायालयाने निकालापर्यंत प्रदर्शन रोखले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने या स्थगितीवर पुष्कळ बोलले गेले. मला मात्र त्यात चित्रभाषेच्या सामर्थ्याची, समीक्षेने क्वचितच दिलेली, कबुली दिसते. विशेष न्यायालयाचे निकाल सप्टेंबर २००६ पासून येऊ लागले. चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ रोजी प्रदर्शित झाला. तोवर न्यायाधीशांचे मत कलुषित होण्याचा धोका टळला होता. प्रेक्षकाच्या मताची काळजी त्या स्थगितीच्या कक्षेत नव्हती.