सूट कोणत्या किमतीवर?

महागड्या टीव्हीची किंमत वर्षभरात किती ठरल्या क्रमाने उतरते, हे एकदा पाहिलं की पहिल्या दिवशीच्या किमतीवर विश्वास ठेवणं कठीण होतं. जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात नवी मॉडेलं मांडली जातात आणि वसंतात ती अमेरिकेतल्या दुकानांत येतात. एलजीचा ६५ इंची सी-२ हा ओएलईडी टीव्ही २०२२ साली अडीच हजार डॉलरला आला. नोव्हेंबरात, ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास, तोच सतराशेच्या आसपास मिळत होता. पॅनेल तेच, प्रोसेसर तोच, आणि किंमत मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने खाली.

उत्पादनखर्च कमी झाला म्हणून भाव उतरला, असं सांगितलं जातं. त्यात काही तथ्य आहे. कारखान्याचा हात बसला की बाद होणारी पॅनेलं घटतात. पण मग पुढच्या वसंतात सी-३ पुन्हा अडीच हजारांच्याच घरात का आला? खर्च उतरला असेल, तर तो दर मार्चला परत चढत नाही. चढते ती घाई असलेल्या ग्राहकाकडून वसूल करायची रक्कम. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं होतं की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराला खरी स्पर्धा असते ती स्वतःच्याच उद्याच्या भावाशी. भाव पडणार हे कळलं की लोक थांबतात. म्हणून दरवर्षी नवं मॉडेल, नवा क्रमांक, आणि थांबणाऱ्याला आपण मागे पडतोय असं वाटायला लावणारी जाहिरात.

आपल्याकडे ब्लॅक फ्रायडेची जागा दसरा-दिवाळीने घेतली आहे. फरक एवढाच की इथे खोक्यावर एमआरपी छापलेली असते. तिच्यापेक्षा जास्त दराने विकायला कायद्याने बंदी आहे, पण ती मुळात किती फुगवून छापावी याला आडकाठी नाही. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आणलेला हा आकडा आज सूट मोठी दिसावी म्हणून वापरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. एवढ्या मोठ्या करकपातीनेही अंतिम किमतीत फरक पडतो तो आठ टक्क्यांच्या आतच. सणाच्या जाहिरातीतली सूट याच्या कितीतरी पट असते. किमतीत एवढी जागा आधीपासून होती, तर ती कोणाच्या खिशातून भरली जात होती?

ज्याचा टीव्ही मे महिन्यात बंद पडला, त्याच्या. दुकानदाराने सांगितलेला भाव खरा मानणाऱ्या निवृत्त माणसाच्या. थांबणं आणि भाव तपासणं ज्याला जमतं, त्याची दिवाळी स्वस्त होते ती या लोकांच्या जिवावर. मला हे अन्यायाचं वाटतं.

युरोपीय संघाने मे २०२२ पासून नियम लागू केला आहे: सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही असाच नियम आणायला हवा. तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे: दुकानात एमआरपीवर किती टक्के सूट, असं विचारू नका. हाच टीव्ही गेल्या महिन्यात कितीला विकला, ते विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.