खांब बदलला, तरी घर तेच?

बासरच्या आमच्या माळवदी घरात भार पेलतात ते सागवानी खांब आणि तुळया. मातीच्या भिंती नुसता आडोसा. एखादी पावसात ढासळली तरी घर उभं राहतं. मध्ययुगीन इंग्लंडातली ओकच्या चौकटीची घरंही अशीच.

यंदा वाळवीने पोखरलेला खांब काढून सुताराने त्याच दगडी उथळ्यावर नवा उभा केला. काकूंनी विचारलं, "वास्तुशांत पुन्हा करायची का रे?" फार खोल प्रश्न. एकेक करत सगळेच खांब बदलले, तर वास्तुपुरुष कुठे राहतो?

'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? रथ कुठल्याच भागात सापडत नाही. तर्क बिनतोड आहे, पण माझं मन तिथे थांबत नाही. शनिवारवाड्याचं लाकूड 1828च्या आगीत गेलं, दगडी जोतं उरलं. त्याला मी घर म्हणू शकत नाही. तिथे कुणाची चूल नाही.

आमच्या बासरच्या देवळातल्या ज्ञानसरस्वतीची मूर्ती व्यासांनी गोदावरीच्या वाळूची घडवली, अशी श्रद्धा आहे. वाळू तर नदीकाठी कितीही पडली आहे. तिच्यापुढे नांदेडकडची माणसं लेकरांना अक्षराभ्यासाला बसवतात, ती वाळूसाठी नव्हे. वास्तुपुरुषही मला लाकडात दिसत नाही. घरात माणसं रोज जे करतात, त्यात दिसतो.