कोंडा, धोंडा आणि स्वप्न

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्या कानावर पहिल्याने पडते ती बहुधा ताटात टाकले म्हणून, नाही तर गादी टोचते अशी कुरकुर केली म्हणून. खरी भूक लागलेल्याला कोंड्याची भाकरही गोड लागते आणि खरी झोप आलेल्याला धोंड्याची उशीही चालते, एवढाच तिचा सरळ अर्थ. पण म्हण करणाऱ्याने भूक आणि झोप यांनाच एका दावणीला का बांधले असावे? केवळ यमक साधले म्हणून म्हणावे, तर यमक साधणाऱ्या गोष्टींचा मराठीत काही तुटवडा नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. शरीराच्या ठेवणीमुळे लोकांच्या निंदेला पात्र होणारी आठ प्रकारची माणसे त्यात सांगितली आहेत, आणि त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे. तो संपतो न संपतो तोच ग्रंथकार झोपेकडे वळतो. कारण त्याच्या मते माणसाचा लठ्ठपणा आणि रोडपणा जसा आहारावर तसाच निद्रेवर अवलंबून असतो. ज्याला लठ्ठपणा टाकायचा असेल त्याने जागरण, व्यायाम आणि चिंतन क्रमाक्रमाने वाढवावे, असेही त्याने सांगून ठेवले आहे. चिंतनाने माणूस वाळतो हे वाचून मला बरे वाटले. पण माझ्या ओळखीच्या तत्त्वचिंतकांचे पोट पाहता या उपायावर फार भिस्त ठेवावी असे वाटत नाही.

आधुनिक शास्त्र याच वाटेने, पण फार उशिरा आले. 1998 साली मेंदूतल्या एका द्रव्याचा शोध लागला. ते भूक चाळवते असे दिसल्यावरून शोधकांपैकी एका गटाने भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ऑरेक्सिन' असे नाव दिले. पुढे कळले ते असे की, ज्या माणसांच्या मेंदूत हे द्रव्य नाहीसे होते त्यांना भर दिवसा, बोलता बोलता, हसता हसता झोप गाठते. म्हणजे अन्नाच्या शोधाला उठवणारा आणि जागे ठेवणारा निरोप्या एकच. विचार केला तर यात नवल नाही. भुकेले जनावर झोपून राहिले तर त्याला अन्न कोण आणून देणार? उलट बाजूही तशीच आहे. 2004 साली शिकागोमध्ये काही निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले भूक वाढवणारे द्रव्य वाढले, तृप्ती सांगणारे घटले, आणि त्यांना भूक जास्त लागली. इथे चरकाच्या जागरणाला जरा धक्का बसतो. ते असो.

मुद्दा असा की, भुकेला हात लावाल तर झोपेला धक्का लागेल. वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास हेच सांगतो. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत आणि युरोपात बांधा सडपातळ व्हावा म्हणून बायकापुरुषांना अँफेटामीनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. भूक मरे, अंगात तरतरी येई आणि रात्री छताकडे पाहत पडावे लागे. त्याच सुमारास, 1953 साली, शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेत ठरावीक काळाने मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरू लागतात, आणि त्या वेळी माणसाला उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. दहा वर्षांनी, 1963 मध्ये, इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने या गोळ्यांची सवय लागलेल्या माणसांच्या झोपेचा अभ्यास केला. गोळ्या सुटल्यावर ही स्वप्नांची झोप नेहमीपेक्षा कितीतरी वाढली आणि मूळ पदावर यायला तिला बरेच दिवस लागले. गोळीने भूक मारली होती. तिच्याबरोबर स्वप्नेही दाबली होती, आणि ती चक्रवाढ व्याजाने परत आली. पुढे 2006 मध्ये युरोपात रिमोनाबंट नावाचे औषध आले. त्याने खाण्यातली गोडी कमी होई. पण कित्येकांची जगण्यातली गोडीही कमी होऊ लागली, म्हणून 2008 साली ते मागे घ्यावे लागले.

आता नव्या औषधांची पाळी आहे. जेवल्यावर आपल्या आतड्यांतून एक निरोप निघतो, 'पुरे झाले' असा. नैसर्गिक निरोप काही मिनिटांतच विरून जातो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे त्या निरोपाची अशी नक्कल करतात की, ती आठवडाभर टिकते. जठर सावकाश रिकामे होते, आणि मेंदूत ज्या ठिकाणी भूक आणि तृप्ती यांचा हिशेब होतो तिथेही ती पोहोचते. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत सुई टोचली की झाले. 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही औषधे आपल्या देशात विक्रीला आली, आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, वर्गमित्रांच्या मेळाव्यात, कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागून 'सुई चालू आहे' असे सांगताना दिसते.

माझे एक स्नेही, निवृत्त प्राध्यापक, यांनी ती चालू केली. त्यांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह, वजन शंभराच्या घरात, आणि घोरणे असे की, वहिनी कित्येक वर्षे दुसऱ्या खोलीत निजत. पहिल्या चार महिन्यांत वजन अकरा किलोंनी उतरले. मित्रमंडळींत कौतुक झाले. डॉक्टर दर भेटीला वजन, साखर आणि रक्तदाब लिहून घेत, पाठ थोपटत आणि पुढच्या रुग्णाला बोलावत. त्या कागदावर जे आले नाही ते असे की, प्राध्यापकांना स्वप्ने पडू लागली होती.

"स्वप्ने पूर्वीही पडत असतील," ते मला म्हणाले, "पण ही निराळी. सकाळी चहा घेतानाही ती समोर उभी असतात. रंगांसकट."

त्यांत दोन जाती होत्या. एक भयंकर: पाण्यात बुडतो आहे, श्वास कोंडला आहे, आणि जाग यावी ती घामाने सदरा भिजलेला, छातीत धडधड, हात कापताहेत अशी. दुसरी शांत: त्यांची आई, जी जाऊन तीस वर्षे झाली, चुलीपुढे बसून अनारसे तळते आहे. ती ताट पुढे करते. हे 'नको' म्हणून ते सारतात. ती काही बोलत नाही.

पहिल्या जातीचा निकाल वहिनींनी लावला. प्राध्यापकांनी हे डॉक्टरांना सांगायचे नाकारले होते. "स्वप्ने काय सांगायची डॉक्टरला? मी काय ज्योतिषाकडे चाललोय?" असा त्यांचा युक्तिवाद. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगा तरी काही. रात्री अंग गार पडतं यांचं." शेवटी त्या स्वतःच बरोबर गेल्या आणि डॉक्टरांपुढे सगळे बोलल्या. डॉक्टरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. सुईबरोबर प्राध्यापक मधुमेहाची एक जुनी गोळी घेत होते, शरीरातले इन्सुलिन वाढवणारी. जेवण निम्म्यावर आले होते, गोळी मात्र पूर्वीइतकीच. रात्री साखर घसरत होती. घाम, कंप आणि वाईट स्वप्ने ही त्या घसरणीची ओळखीची लक्षणे आहेत. गोळी कमी केली आणि बुडण्याची स्वप्ने थांबली. वेळेवर कळले नसते तर काय झाले असते, याचा विचार वहिनींनी मोठ्याने केला नाही, पण त्या नंतर बराच वेळ नुसत्या बसून होत्या.

आईचे स्वप्न मात्र राहिले. त्यालाही वैद्यकाकडे एकाहून अधिक उत्तरे आहेत. लठ्ठ माणसाचा गळा झोपेत पुन्हा पुन्हा मिटतो, श्वास दहा-दहा सेकंद आणि त्याहूनही अधिक थांबतो, आणि स्नायू सर्वांत सैल असलेल्या स्वप्नांच्या झोपेत हा त्रास पुष्कळदा अधिक असतो. म्हणजे अशा माणसाची स्वप्ने वर्षानुवर्षे अर्ध्यावर तोडली जात असतात. वजन उतरले, गळा मोकळा झाला की ती पुरती उमलू शकतात. टिर्झेपाटाइडला अमेरिकेत 2024 च्या डिसेंबरमध्ये नेमकी या श्वास अडण्याच्या विकारासाठीच मान्यता मिळाली. दुसरे उत्तर अधिक रुक्ष आहे. स्वप्न पडते तेव्हाच जाग आली तर ते लक्षात राहते. जळजळीने किंवा मळमळीने झोप चाळवली की अधिक स्वप्ने आठवतात. या औषधांनी मळमळ होते हे तर सर्वांना ठाऊक आहे.

प्राध्यापकांना ही उत्तरे पुरली नाहीत. ते तत्त्वज्ञानाचे शिक्षक. त्यांनी विचारले, "हे स्वप्न माझे की औषधाचे? आणि आईचे ताट सारले ते मी की सुईने?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वप्नातल्या कृत्याची जबाबदारी कुणाची, यावर थोरामोठ्यांचे एकमत नाही. लोककथेतल्या हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी देऊन टाकले आणि डोंबाघरी पाणी भरले. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात याचा उलट निर्वाळा दिला आहे: झोपेत जे घडते ते आपल्या बाबतीत घडते, आपण ते करीत नाही. ऑगस्टीनच्या किती तरी आधी प्लेटोने पोटाचा विषय काढला होता. 'रिपब्लिक'च्या नवव्या भागात तो म्हणतो की, विवेक निजला म्हणजे माणसातले रानटी जनावर खाऊनपिऊन मस्त होऊन उठते. म्हणून निजण्यापूर्वी वासनेला उपाशीही ठेवू नये आणि तुडुंबही करू नये. आमच्या आजीचे तत्त्वज्ञान याहून निराळे नव्हते. रात्री जड जेवू नकोस, वाईट स्वप्ने पडतात, असे ती सांगे.

माझे मत मी आजीच्या बाजूने देतो. पोट कधीच स्वप्नाबाहेर नव्हते. रात्रीचे वांग्याचे भरीत, ताप, एकादशीचा उपास, हे सगळे स्वप्नात शिरत आले आहेत आणि त्यामुळे ते स्वप्न आपले नव्हे असे आपण कधी म्हटले नाही. सुईने दार उघडले असेल. पण आत आलेली आई, तिची चूल, तिचे न बोलणे, हे त्या औषधाला कुठून ठाऊक असणार? ते प्राध्यापकांचेच आहे. आणि ते त्यांचे आहे म्हणून मला त्यात अपराध दिसत नाही, दुःख मात्र दिसते. कारण जागेपणीही तेच घडत होते. आईच्या श्राद्धाला पानावर बसले असता त्यांना पहिल्यांदाच कशाचीच वासना झाली नव्हती. लेकीने केलेली खीर त्यांनी दोन चमचे घेतली ती कर्तव्य म्हणून. आपल्या घरांतून माया बहुतेक वेळा ताटातूनच पोहोचते. ज्याला 'अजून थोडे' असे वाटेनासे झाले, त्याला वाढणाऱ्याचा हात रिकामाच परत जातो. या दिवाळीत चकलीचा तुकडा मोडून बाजूला ठेवणारा पाहुणा तुमच्याही घरी येईल. त्याला आग्रह करू नये, आणि त्याने नाकारले याचे वाईटही वाटून घेऊ नये.

याचा अर्थ औषध वाईट असा मी काढीत नाही. लठ्ठपणा म्हणजे दुबळी इच्छाशक्ती, असे म्हणत आपण पिढ्यानपिढ्या माणसांना हिणवत आलो. आतड्यातल्या एका निरोपाची नक्कल केली की तीच माणसे सहज हात आखडतात, हे पाहिल्यावर त्या हिणवण्याची आपल्याला लाज वाटावी. संयमाचे पुण्य सुईने मिळते का, हा वाद घालणाऱ्यांनी आधी हे पाहावे की, त्यांच्या स्वतःच्या संयमात त्यांच्या आतड्यांचा वाटा किती आहे. प्राध्यापक आज जिने चढतात. वहिनी पुन्हा त्याच खोलीत निजतात.

मला खटकते ते निराळे. वजन चारचौघांना दिसते, म्हणून त्याचा काटा आहे, कागद आहे, कौतुक आहे. झोप आणि स्वप्न यांचा साक्षीदार एकटा तो माणूस, फार तर शेजारी निजणारे माणूस. म्हणून त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारले नाही तर सांगायला तो लाजतो. औषधाने दिवसाचे किती दिले आणि रात्रीचे किती घेतले, हा हिशेब ज्याचा देह आहे त्याने मांडायचा. पण मांडायला त्याला बसू तरी दिले पाहिजे.

डॉक्टरांनी आता मात्रा कमी करण्याचा पर्याय प्राध्यापकांपुढे ठेवला आहे. औषध थांबवले तर उतरलेल्या वजनातले बरेचसे वर्षभरात परत येते, असा 2022 साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या पाहणीचा अनुभव आहे, आणि तोही त्यांना सांगितला गेला आहे. त्यांनी अजून ठरवलेले नाही. घोरणे परत यायला नको, हे वहिनींचे मत. त्यांचे स्वतःचे मत विचारले तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मात्रा कमी केली तर आई येईल का, हे काही डॉक्टर सांगू शकत नाहीत."